सुताराला आधी थांबव, ट्रंकेचं नंतर बघू

पत्र असं आलंय:

"ताई, मालवणजवळचं माझ्या आईचं माहेरचं घर मामाने विकायला काढलंय. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. 'तुला असल्या वस्तूंची आवड आहे ना, घेऊन जा' म्हणून मामाने ती मला दिली. आत आईच्या आजीची पितळी भातुकली आहे, सावंतवाडीची लाकडी फळं आणि एक ठकी (रंगवलेली लाकडी बाहुली) आहे. आजोबा बोटीवर होते, त्यांनी आणलेला चावीचा पत्र्याचा जपानी मोटारसायकलवाला, काही शिशाचे सैनिक, छोट्या मोटारी, मेकॅनोचा (नटबोल्टने जोडायच्या पत्र्याच्या पट्ट्यांचा) अर्धा डबा आणि एक एकदम हलकी गुलाबी बाहुली पण आहे. ट्रंक उघडल्यावर कापराचा वास आला, बहुतेक आजीने कीड लागू नये म्हणून ठेवला असेल. आता घरात चार माणसांची चार मतं. नवरा म्हणतो हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीला एमडीएफचं शोकेस करू, आतून लाइट्स, काच एकदम फिट म्हणजे धूळ नको. सुतार माप घेऊन गेलाय. सासूबाई भातुकली चिंच आणि पितांबरी लावून लख्ख करायला बसल्यात, अर्धी झाली पण. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याला सगळंच खेळायला हवंय. न्यूजर्सीची मावसबहीण म्हणते भातुकली मला दे, डिसेंबरमध्ये येते तेव्हा बॅगेतून नेईन. आणि ऑनलाइन फोटो टाकले तर एकाचा मेसेज आला, सगळ्याचे मिळून आठ हजार देतो, उद्याच माणूस पाठवतो. मी काय करू? — गोंधळलेली, डोंबिवली"

अगं गोंधळलेली, बाकी सगळं राहू दे, आधी सुताराला फोन कर आणि सांग काम थांबव. ॲडव्हान्स गेला तरी चालेल. शोकेस वाईट दिसेल म्हणून नाही सांगत, छानच दिसेल ते, पण या सगळ्या वस्तू एका कपाटात नांदणाऱ्या नाहीत. घरी खेळणी मांडताना आपण काय करतो, की रंग बघतो, उंची बघतो, मोठं मागे छोटं पुढे असं करतो, आणि कशापासून बनलंय हे कुणी बघतच नाही. तुझ्या ट्रंकेत पितळ आहे, लाकूड आहे, पत्रा आहे, शिसं आहे, जस्त आहे आणि एक फार जुनं प्लॅस्टिक आहे, आणि यातल्या प्रत्येकाला वेगळी हवा लागते आणि एक-दोन तर शेजाऱ्याला खराब करणाऱ्यातले आहेत. इतकी वर्षं ती एका ट्रंकेत टिकली कारण ती ट्रंक काही हवाबंद नव्हती, कोकणातल्या माळ्यावर कौलांतून वारा खेळता असतो. तुझा नवरा जे करायला निघालाय ते बरोबर उलटं आहे.

एमडीएफचं सांगते. ते लाकडाच्या भुशाला रेझिन लावून दाबून केलेलं असतं, आणि त्या रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड आणि भुशातून ॲसिडची वाफ हळूहळू येत राहते, नवीन असताना तर जास्तच, नवीन फर्निचर आलं की डोळे चुरचुरतात ना, तेच ते. हॉलमध्ये खिडक्या उघड्या असल्या की निघून जातं, पण फिट काचेमागे ते कोंडून राहतं. आणि या वाफेचा सगळ्यात जास्त राग आहे शिशाला. तुझे सैनिक आठवड्यात नाही बिघडणार, पण काही वर्षांनी बघशील तर त्यांच्यावर पांढरी भुकटी आलेली असेल, आणि ती धूळ नसते, शिसंच कुजलेलं असतं, म्हणजे सैनिकाचं नाक गेलं तर परत येत नाही. अस्सल सागवानाचं केलं तरी हेच, लाकूडही ॲसिटिक ॲसिड सोडतं, थोडं कमी किंवा थोडं जास्त. त्यामुळे शिशाच्या वस्तूंसाठी पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट आणि त्याला काचेची दारं, ऑफिसात फायली ठेवतात तसलं, ते सगळ्यात बरं. ग्लॅमरस नाहीये मला माहितीये. पण आवडीचा रंग मारून मिळतो आणि सुताराच्या बिलापेक्षा बहुतेक स्वस्तातच पडेल.

सैनिक उलटे करून तळ बघ हां. इंग्लंडच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ पासून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली, म्हणजे साच्यात शिसं ओतायचं आणि बाहेरचा थर गोठला की आतलं परत ओतून काढायचं, त्यामुळे माल कमी लागायचा आणि सैनिक हलका व्हायचा, आणि १९६६ मध्ये त्यांनी शिशाचे सैनिक बंद केले. तळावर नाव असेल तर तुझा काळ साधारण तिथेच ठरला. हाताळलेस की हात साबणाने धू. आणि ते मुलाच्या हाताला लागतील असे अजिबात ठेवायचे नाहीत, यावर पुढे बोलूच.

आता कापूर. कापूर कुणीही ठेवला नव्हता गं! तो वास तुझ्या गुलाबी बाहुलीचा आहे. हलकी, पातळ, अंड्याच्या टरफलासारखी, बाजूने एक बारीक शिवण दिसते, असंच आहे ना? मग ती सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून केलेलं, जगातल्या पहिल्यावहिल्या प्लॅस्टिकपैकी एक, १८७० च्या आसपास अमेरिकेत सुरू झालं आणि नंतर जर्मनी-जपानने त्याच्या लाखो बाहुल्या केल्या. अंगठ्याने जरा घासून गरम केलं की कापराचा वास येतो, हीच ओळख. नेटवर कुणी सांगेल की तापवलेली सुई टोचून बघा. कृपा करून टोचू नकोस, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं, सिनेमाच्या जुन्या रिळांना आगी लागायच्या त्या यामुळेच. टेबल टेनिसचे चेंडू पण याचेच असायचे, २०१४ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वेगळ्या प्लॅस्टिकचे चेंडू आले, तोवर हेच होतं, म्हणजे आपण सगळेच हे हाताळून मोठे झालोय, तेव्हा घाबरून बाहुली गॅलरीतून फेकूनही देऊ नकोस.

करायचं काय, तर ती एकटी राहील. पुठ्ठ्याचा खोका, त्याला भोकं, आत धुतलेल्या मऊ मलमलच्या तुकड्यावर बाहुली, आणि खोका थंड, अंधाऱ्या, हवेशीर जागी. देवघराजवळ नाही (निरांजन, समई, उदबत्ती), गॅसजवळ नाही, खिडकीच्या उन्हात नाही, टीव्ही किंवा सेटटॉप बॉक्सच्या वरच्या फळीवर तर मुळीच नाही. बंद डब्यात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीतही नाही, कारण जुनं होत जाताना ती ॲसिडची वाफ सोडते आणि ती कोंडली की बाहुलीचा नाश अजून भरभर होतो. आणि शेजारी धातू असेल तर तो पण गंजतो, तुझ्या मोटारसायकलवाल्यावर जर एकाच बाजूने गंज चढला असेल तर ट्रंकेत त्या बाजूला कोण होतं ते आठवून बघ. सहा महिन्यांनी एकदा उघडून बघायची, चिकट झालीये का, घामेजल्यासारखी दिसतेय का, बारीक जाळीदार भेगा पडल्यात का, वास कापराचा जाऊन तिखट-आंबट झालाय का. तसं दिसलं तर छान फोटो काढून ठेव आणि तिला निरोप द्यायच्या तयारीत राहा. शोकेसमध्ये मात्र ती कधीच नाही, कितीही गोड असली तरी.

सासूबाईंचं काय ते बोलते. त्यांच्यावर चिडू नकोस, पितळ म्हणजे घासायचं हे आपल्या सगळ्यांच्या हातात भिनलेलं आहे आणि रोजच्या वापराच्या भांड्याला ते बरोबरच आहे. पण इवलीशी कळशी ही रोजच्या वापराची नाही ना. प्रत्येक घासणीला थोडं पितळ निघून जातं, मोठ्या परातीला ते कळत नाही, पण बोटाच्या पेराएवढ्या सोऱ्यावर किंवा अडकित्त्यावर कळतं. कडा बोथट होतात, ठोक्यांच्या खुणा पुसल्या जातात, आणि भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती तशी या पिटुकल्या भांड्यांवर पण कधी कधी अक्षरं असतात, ती सगळ्यात आधी जातात. चिंचेने अजून एक होतं, आंबट जास्त वेळ राहिलं की पितळातलं जस्त आधी निघतं आणि तांबूस-गुलाबी डाग राहतात, मग कितीही घासा, जात नाहीत. जी अर्धी झाली ती झाली, तिला काही धोका नाही, फक्त कोमट पाण्याने स्वच्छ धुऊन, कानाकोपऱ्यात पांढरी पूड राहिली असेल तर जुन्या मऊ टूथब्रशने काढून, लगेच पुसून पंख्याखाली खडखडीत वाळवा. उरलेली अर्धी तशीच ठेवा. लख्ख आणि काळपट असे दोन गट शेजारी शेजारी ठेवले तर वाईट दिसत नाहीत, लोक उलट विचारतात की असं का. आणि हो, हिरवी भुकटी दिसली कुठे, म्हणजे जंगाल, तर तेवढीच लाकडी टूथपिकने अलगद काढायची आणि ती वस्तू कोरडी ठेवायची.

पण सासूबाईंना रिकामं बसवू नकोस. त्यांना या भांड्यांची नावं येत असणार, तुला येतात का? तपेलं, गंज, सतेलं, रोवळी, बंब, वेळणी, झारा, शेवगा... भातुकलीत हे सगळं असतं आणि आपल्या पिढीला त्यातली निम्मी ओळखू येत नाहीत. एका दुपारी चहा ठेव, मोबाइल रेकॉर्डिंगला लाव, एकेक वस्तू त्यांच्या हातात दे आणि हे काय, यात काय करायचे, तुमच्याकडे होतं का असं विचारत जा. त्यांचं आणि तुझ्या पणजीचं स्वयंपाकघर वेगळं असेल, एक देशावरचं एक कोकणातलं असेल कदाचित, मग तर अजून मजा, त्या म्हणतील आमच्याकडे याला असं नाही म्हणत. ही माहिती कुठल्या दुकानात मिळत नाही. वस्तूला चिठ्ठी चिकटवायची नाही हां, सेलोटेप तर नाहीच, नंबर लिहिलेली छोटी कागदी चिठ्ठी दोऱ्याने बांध आणि वहीत त्या नंबरापुढे लिही.

भातुकली ही तुझ्या संग्रहातली सगळ्यात सोशिक मंडळी आहे, तिलाच हॉलमध्ये उघड्यावर मांड. एक पाट किंवा जुनं चौरंग घे, त्यावर स्वयंपाकघर मांडल्यासारखं मांड, चूल इकडे, पाण्याची भांडी तिकडे, पोळपाट-लाटणं पुढे. रांगेत उभी केलेली भातुकली मला तरी भांड्यांच्या दुकानासारखी दिसते. पुण्यात गेलीस तर बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघ, दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या अडकित्ते, दिवे, भांडी अशा अगदी घरगुती वस्तू आहेत तिथे, १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला दिला. घरातल्या साध्या वस्तूंकडे इतकं बारकाईने बघता येतं हे तिथे कळतं, आणि कुठे गर्दी जास्त झालीये हे पण कळतं, ते पण शिकण्यासारखंच.

लाकडाकडे येऊ. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची जुनी खेळणी पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची असायची, हलकं लाकूड कापायला रंगवायला सोपं पण किडीला पण आवडतं. ठकी आणि फळं काळ्या कागदावर ठेव आणि दोन-तीन आठवडे हलवू नकोस. खाली पिठासारखा बारीक भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे. नुसती भोकं आहेत पण भुसा नाही, तर बहुतेक जुनं दुखणं आहे, सोडून दे. जिवंत असेल तर ती वस्तू वेगळ्या पारदर्शक पिशवीत बांधून इतर लाकडापासून, तुमच्या नव्या टीव्ही युनिटपासून सुद्धा, लांब ठेव आणि वस्तू जपण्याचं काम करणाऱ्या एखाद्या जाणकाराला दाखव. पेस्ट कंट्रोलवाल्याला घरी बोलावून फवारा मारू नकोस त्यावर, रंग उतरेल. डांबरगोळ्या पण नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात आणि मुलाच्या श्वासालाही चांगल्या नाहीत. वेखंडाची पुरचुंडी ठेव हवी तर, वस्तूला चिकटून नाही, कोपऱ्यात.

आणि पुसताना एक लक्षात ठेव, जे जवळपास कुणालाच माहीत नसतं. लाखेचा थर दिलेली खेळणी असतील तर लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणजे सॅनिटायझर नाही, कोलीन नाही, डेटॉलचे वाइप्स नाहीत. करोनात लोकांनी काय काय सॅनिटायझरने पुसलं देव जाणे, किती चकाकी गेली असेल. आणि जुने काही रंग पाण्यात कालवलेले असतात, ओल्या फडक्याने ते फडक्यावरच येतात. म्हणून कोरडा मऊ ब्रश, रंगकामाचा नवा चपटा असतो ना तो, बास. ठकीचं नाक खरवडलंय, रंग उडालाय, तर उडू दे. परत रंगवून घेऊ नकोस, घराशेजारचा आर्टिस्ट कितीही चांगला असला तरी. नवा रंग लावलेली जुनी ठकी ना जुनी राहते ना नवी.

मोटारसायकलवाला मला सगळ्यात जास्त आवडला असता बघायला. त्याच्या बुडाशी किंवा चाकाजवळ बारीक अक्षरं शोध. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं असेल तर तो साधारण १९४७ ते १९५२ मधला, महायुद्धात हरल्यावर जपान अमेरिकन ताब्यात होता तेव्हा निर्यातीच्या मालावर असा शिक्का असायचा. नुसतं 'मेड इन जपान' किंवा 'जपान' असेल तर बहुतेक पन्नास-साठच्या दशकातला. युद्धानंतर तिथे पत्रा मिळत नव्हता तर अमेरिकन सैनिकांनी खाऊन झाल्यावर टाकून दिलेल्या डब्यांच्या पत्र्यापासून खेळण्यातल्या जीपगाड्या बनवल्या लोकांनी, आणि तिथून पुढच्या वीसेक वर्षांत जगभरची पोरं जपानी पत्र्याच्या खेळण्यांवर खेळली. आपल्याकडे ती अशीच आली, बोटीवरच्या माणसांच्या पेट्यांतून. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या घरांत अजून निघतात ती याचमुळे.

यावरचा रंग म्हणजे ब्रशने मारलेला रंग नाही, पत्रा सपाट असतानाच त्यावर छपाई करतात, मग कापून, दाबून, वाकवून बारीक पाकळ्यांनी जोडतात. म्हणून गंज काढायला सँडपेपर किंवा स्टीलची घासणी लावलीस की छपाई गेली, कायमची. आत काय आहे बघायला त्या पाकळ्या उघडू नकोस, एकदा वाकवलेली पाकळी परत वाकवताना तुटते. चावी द्यायची तर अर्धीच, तीही कधीमधी, आणि ठेवताना स्प्रिंग सैल सोडून ठेवायची. अडकलाय म्हणून शिवणयंत्राचं तेल ओतू नकोस, जास्तीचं तेल छपाईवर पसरतं आणि धूळ धरतं, जुन्या घड्याळांचं काम करणारा कुणी असेल तर त्याला दाखव, त्याला ती स्प्रिंग कळते.

पत्र्याचा खरा शत्रू आपला पावसाळा. डोंबिवलीत जुलैमध्ये घरातली हवा किती ओली असते हे वाळत घातलेल्या कपड्यांना विचार. दमटपणा मोजायचं छोटं डिजिटल यंत्र मिळतं काहीशे रुपयांत, ते कपाटात ठेव आणि आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघ, ६५-७० च्या वर गेला की गंज पण आणि बुरशी पण. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, पण बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्यांनी काही होत नाही, किलोच्या हिशोबाने आण. रंग बदलणारी घेतलीस तर नारिंगीची हिरवी होणारी घे, निळ्या रंगाचीत कोबाल्ट असतं, लहान मूल असलेल्या घरात नको. ओली झाली की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरता येते. इथे मात्र फिट बसणारी काच चांगली, लक्षात आलं का, पत्र्याला बंद कपाट आणि बाहुलीला भोकांचा खोका. म्हणून म्हटलं एका शोकेसचं काम नाही हे.

छोट्या मोटारींचं पटकन सांगते. तळावर डिंकी, मॅचबॉक्स किंवा कॉर्गी यातलं काही लिहिलेलं असेल, डिंकी १९३४ पासून, मॅचबॉक्स १९५३, कॉर्गी १९५६. आणि 'निकी' असं लिहिलेलं आढळलं तर नकली समजून फेकू नकोस, साठच्या दशकाच्या शेवटी डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले आणि तिथे निकी नावाने त्याच गाड्या निघायला लागल्या, काहींच्या तळावर जुनं नाव खोडल्याची खूण पण दिसते, आपल्याकडच्या जमवणाऱ्यांना त्याचंच अप्रूप. एखादी गाडी भेगाळून, फुगून वाकडी झाली असेल आणि हात लावताच तुकडा पडत असेल तर ते जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्यामुळे होतं, युद्धाआधीच्या मालात जास्त, त्याला औषध नाही. मेकॅनोचा काळ रंगावरून कळतो, १९२६ पासून लाल-हिरवा, १९३४ पासून निळा-सोनेरी, युद्धानंतर परत लाल-हिरवा आणि १९६४ पासून पिवळा-काळा. डबा फाटका असला तरी टाकू नकोस, कुठल्याच खेळण्याचा डबा टाकायचा नाही, जमवणारे लोक कधी कधी खेळण्यापेक्षा डब्याला जास्त मागे लागतात.

आता घरात मांडणी. टीव्हीची भिंत विसर, तिथे गरम होतं. बाहेरची भिंत पण नको जिला पावसात ओल येते, आतली पार्टिशनची भिंत शोध जिच्यावर दुपारचं ऊन येत नाही. काच ऊन अडवत नाही, रंग उडवणारे किरण बरेचसे आत येतातच. लाइट्स हवेतच नवऱ्याला तर कपाटाच्या बाहेरून, वरून, साधे एलईडी, पाहुणे आले की लावायचे, गेले की बंद. रात्रभर चालू ठेवून गणपतीचा देखावा नाही करायचा. आणि सगळं एकदम बाहेर काढायचं नाही. पत्र्याचं कपाट छोटंच घे, त्यात मोटारसायकलवाला, दोन मोटारी, चार सैनिक. बाकीचं आत, मलमलमध्ये, वर्तमानपत्रात नाही कारण तो कागद आंबट असतो आणि शाई उमटते. दिवाळीला बदल. घरात येणारी माणसं बदललेलं बघतात, तेच ते असेल तर दोन महिन्यांत कुणी मान वळवत नाही.

आठ हजारवाल्याला काय सांगायचं? त्याला विचार, "भातुकली सोडून बाकीचं किती? सैनिक सोडून किती? फक्त मोटारसायकल घेतली तर किती?" कुठली वस्तू काढली की आकडा धाडकन खाली येतो ते बघ, त्याला तीच हवीये. उद्याच माणूस पाठवतो म्हणणाऱ्याला पत्ता द्यायचा नाही. किंमत बघायची तर नेटवर लोकांनी मागितलेली किंमत बघू नको, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघ, मागायला काय कुणीही लाख मागतं. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटवर नुसती चक्कर मारून ये, काही न घेता, काही न दाखवता, कान उघडे ठेवून.

पण विकायच्या आधी एक विचारू? मामाने ट्रंक दिली ती उघडून बघून दिली की बंदच दिली? कारण घर विकलं जातंय म्हणजे आत्ता सगळ्यांची मनं नाजूक असणार, आणि आजोबांची मोटारसायकल कुणीतरी नेटवर विकली हे मामाला बाहेरून कळलं तर पुढची कित्येक वर्षं लग्नाकार्यात तेच ऐकावं लागेल. ऑनलाइन फोटो टाकलेस ते काढ आधी, आणि फॅमिली ग्रुपवर सगळ्या वस्तूंचे फोटो टाक, हे निघालंय, मी जपून ठेवतेय, कुणाला कशाची आठवण आहे का म्हणून विचार. मागणारा एखादा निघेल, देऊन टाक एखादी वस्तू. आठवणी सांगणारे जास्त निघतील.

न्यूजर्सीवालीचं जरा कायद्याचं आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाऊ शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. घरात ठेवायला, मांडायला काही अडचण नाही, घाबरू नकोस. पण तुझ्या आईच्या आजीची भातुकली, ती लहानपणची असेल तर शंभरी ओलांडली असेल की. बॅगेत टाकून नेऊ आणि विमानतळावर बघू असं करायचं नाही. शंभर वर्षांच्या आतली आहे असं वाटत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घ्यायचा, आणि तो डिसेंबरच्या तिकिटाच्या आदल्या दिवशी मिळत नसतो. खरं तर तिला नवी भातुकली घेऊन दे, पुण्यात तुळशीबागेत मिळते, पितळी पण मिळते. रुसेल जरा, पण तिच्या मुलींना ती खेळायला तरी देता येईल.

राहिला तुझा चिरंजीव. त्याला सरसकट हात लावू नको म्हटलंस तर तो तू बाथरूममध्ये असताना लावणार, म्हणून काहीतरी त्याचं असू दे. पितळी भातुकलीतली मोठी मोठी भांडी, जी गिळता येत नाहीत, ती तुझ्यासमोर बसून खेळू दे, त्यात खायचं काही घालायचं नाही, आंबट तर नाहीच, आणि नंतर हात धुवायचे. शिशाचे सैनिक, रंगवलेल्या जुन्या मोटारी, ठकी, पत्र्याची खेळणी ही वरच्या फळीवर आणि कुलपात, कारण जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, पत्र्याच्या कडा पण ब्लेडसारख्या, आणि मेकॅनोचे नटबोल्ट नाकात घालायच्या बरोबर मापाचे असतात. नव्या खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला तो अशाच गोष्टींसाठी, तुझ्या आजोबांच्या काळात हे कुणी तपासत नव्हतं.

आणि घराच्या सह्यांसाठी मालवणला जाणं होईलच ना तुमचं, तर येताना वाट जरा वाकडी करून सावंतवाडीला उतरा. चितार आळीत दुकानं आहेत, त्याला त्याच्या हाताने लाकडी फळांची एक करंडी निवडू दे, रंग कुठले वापरलेत ते दुकानदाराला विचारून घे, राजवाड्यात गंजिफा (जुन्या पद्धतीचे गोल पत्ते) रंगवतात ते पण दाखव. घरी आल्यावर तुझी जुनी फळं वर, त्याची नवी खाली. सुताराला ॲडव्हान्स दिलाच असेल तर त्या पैशात त्याच्याकडून एक खालचं उघडं शेल्फ करून घे, मुलाच्या उंचीचं.